सरासरी

दर सोळा दिवसांनी, अकराला थोडी मिनिटं कमी असताना
तो पेडण्यावरून जातो.
शाळेत तेव्हा मधली सुट्टी असते,
सगुण पोळजीच्या दुकानातले पाव संपलेले असतात,
आणि सातशे किलोमीटर वर एक यंत्र
आमच्या जमिनीच्या कातडीचा ताप
चौकोनाचौकोनाने टिपून घेतं.
हवेचा नव्हे. कातडीचा.
हे दरवर्षी नव्या मुलांना सांगावं लागतं.

जून ते सप्टेंबर आमचं गाव नसतंच.
ढगांखालच्या प्रत्येक रकान्यात एकच शेरा : माहिती नाही.
म्हणून मी मार्च घेतले,
एक एक्क्याण्णवचा, एक तेविसातला,
आणि दुसऱ्यातून पहिला वजा केला.
तापलं ते लाल, निवलं ते निळं.
संगणकाने इतका वेळ लावला
की मी चहा करून आले.

सडा निळा होता.

सडा, म्हणजे आमचा सडा,
जिथे मार्चात गुरंसुद्धा पाय उचलून चालतात,
जिथला काळा जांभा
अनवाणी माणसाला शिव्या शिकवतो,
तो नऊ अंशांनी निवलेला.
गुणक बदलले. दुसरी तारीख घेतली.
निळाच. वर कडा अगदी सरळ,
आखून दिल्यासारख्या.
आणि पायथ्याशी, झरीखालचं वायंगण
कुणग्याकुणग्याने लाल.

शनिवारी तापमापक पिशवीत टाकून गेले.
सड्यावर फाटक. फाटकाच्या आत हिरवळ,
हिरवळीवर गोल गोल फिरणारे फवारे,
त्यांच्यापलीकडे छत्र्या, माणूस एकही नाही.
पहारेकरी पोरगा ओडिशाचा;
पिस्तुलासारखं यंत्र बघून म्हणाला, आत नको.
मग गजांमधून हात घालून नेम धरला :
अठ्ठावीस.
त्याच्या बुटांपुढचा जांभा : शेहेचाळीस.
त्याने स्वतःहून विचारलं, आणि आकडा ऐकून
बूट थोडे मागे घेतले.

तेवढ्यात इनासचा टँकर चढून आला.
मागच्या नळातून गळणाऱ्या पाण्याची रेघ
डांबरावर त्याच्या मागून आलेली.
मी ती धरून उतरले.
चार वळणं. शेवटी शेवटी
नुसते ठिपके, तेही वाळत चाललेले.
रेघ झरीपाशी सुरू होत होती.

झरीवर पंप, पंपाला कुलूप.
बांधावर भागीरथी आसोलकर,
माझ्या आईबरोबर चौथीपर्यंत शिकलेली.
तडकलेल्या चिखलावर मी यंत्र रोखलं : एक्केचाळीस.
किती, असं तिने विचारलं नाही.
वर बघत म्हणाली,
"पाणी आदी देंवायचा, आता चडता."

रात्री अहवाल भरायला बसले.
गावच्या हद्दीतल्या सगळ्या चौकोनांची सरासरी :
शून्य पूर्णांक एक.
लक्षणीय बदल नाही.
वाक्य बरोबर आहे. मी तीनदा पडताळलं.
लाल निळ्यात मिसळून
बत्तीस वर्षांत काहीच झालेलं नाही.

इनासचा टँकर मी पावलांनी मोजून आले होते : नऊ.
तीस मीटरच्या चौकोनात
तो कुठल्या कुठे बुडून जातो,
आणि अकराच्या आत तर
त्याच्या दोन खेपा झालेल्या असतात.

शेवटी 'इतर निरीक्षणे' असा रकाना आहे.
दोनशे अक्षरांची मर्यादा.
भागीरथीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.
तेरा अक्षरांत आटपलं.
उरलेली जागा तशीच सोडून
मी पाठवून दिलं.