मुरूम लागेपर्यंत

झिंगराजी बेलदार, मुक्काम अंजनगाव.
सहीच्या जागी अंगठा, अंगठ्यात चुन्याचा डाग.
मोरीचा ठेका पहिलाच.

साहेबाच्या नकाशात पाया पाच फूट.
हा चरात उतरला, काळं ढेकूळ बोटांत चुरत म्हणाला,
"कागद नाई हालत सायेब, माती हालते."
आणि खणत राहिला
नऊ फुटांवर मुरूम लागेपर्यंत.

बिल मिळालं पाचाचंच, राणीछाप रुपयांत.
उरलेल्या चार फुटांत गेली दोन गाढवं
आणि भागीरथीचे वाळे.
त्या दिवसापासून ती घरात
वाजेनाशी झाली.

आता पाटीवर पाचवी पिढी, दारात मिक्सर.
मोरीखाली पोरं अजून मासे धरतात.
टेंडर भरताना खोलीच्या रकान्यापाशी
माझा पेन अडतो.
वाळे कुठल्या खात्यात लिहू?