डाग

डुलुथला जानेवारीत प्लास्टिक काचेसारखं वागतं.
उणे अठ्ठावीसला हॉलव्हर्सनची स्नोमोबिल
एका बर्चला नुसती घासली म्हणे,
आणि पुढचं पिवळं झाकण
हेडलाइटपासून पार खालच्या बोल्टापर्यंत तडकलं.
ब्लँकेटात गुंडाळून आणलं त्यानं,
माझ्या गॅरेजातल्या टेबलावर असं ठेवलं
जसा कुणी मासा ठेवतं, तोलून बघा म्हणत.
"नवीन मिळत नाही. सत्त्याण्णवचं मॉडेल."
एवढंच. तो काउंटीची बर्फ उपसायची गाडी चालवतो,
बोलणं त्याच्याकडे किलोवर मिळत नाही.

मी चिकलठाण्यात अकरा वर्षं मोल्डिंगवर होतो.
दर चाळीस सेकंदांनी एक गरम मडगार्ड
साच्यातून ओढायचं, उजेडात धरायचं,
केसाएवढी चीर दिसली की थेट ग्राइंडर.
दुरुस्ती हा शब्द त्या शेडमध्ये
मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.
पुन्हा चुरा, पुन्हा दाणे, पुन्हा मडगार्ड.
पुनर्जन्म इतका स्वस्त
की जखमेकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

जात विचारायची नाही, असं घरात शिकलेला मी;
इथे पहिला प्रश्न तोच.
आतल्या कोपऱ्यातली अक्षरं पेट्रोलनं पुसलेली,
म्हणून एक कपची तासली, वाटीतल्या पाण्यात सोडली.
बुडाली.
दुसरी पेटवली: काळा धूर, काजळीचे धागे.
एबीएस. खेळण्यातल्या ठोकळ्यांचं गोत्र.

मग ड्रिल.
तड्याच्या टोकाला, टोकाच्याही जरा पुढे,
कारण दिसतो त्याहून तो दोन मिलिमीटर
पुढे गेलेला असतो नेहमी,
तिथे एक गोल भोक पाडायचं.
गोलाला टोक नसतं. तडा तिथवर येतो
आणि वाट विसरतो.
हॉलव्हर्सन बघत होता. म्हणाला, "आणखी मोडतोयस."
मी म्हटलं, हो.

पिवळा रंग कुठून आणायचा?
सिअ‍ॅटलला इराला फोन केला.
तुझा तो ठोकळ्यांचा डबा अजून माळ्यावर आहे, म्हटलं.
"किती लागतील?"
पिवळे तेवढे.
ती थांबली. दिवाळीपासून आमचं बोलणं
हवामानापुरतं उरलंय:
तुमच्याकडे किती, आमच्याकडे किती.
मग म्हणाली, "दारं-खिडक्या ठेव. बाकी विरघळव."

लोणच्याची रिकामी बरणी, अ‍ॅसिटोन, एकतीस ठोकळे.
रात्रभरात एका घराचं छप्पर, बंबाची शिडी,
जिराफाची मान
यांची मिळून पिवळी खळ झाली.
झाकण उघडलं तर भपकारा अ‍ॅसिटोनचा,
आणि त्याच्या खाली, खोटं नाही सांगत, हिंग.

मागून स्टीलची जाळी, तापल्या टोकानं आत दाबलेली.
तिच्यावर खळ. दोन थर, मध्ये एक दिवस.
आमच्याकडे ह्याला डाग देणं म्हणतात, मी त्याला सांगत होतो;
सदऱ्यावर पडतो तोही डाग,
आणि सणाला बायका गळ्यात घालतात तोही डागच.
इंग्रजीत हे नीट बसेना.
त्यानं मान हलवली,
पुढचा रस्ता बंद आहे सांगितल्यावर हलवावी तशी.

पुढून सांधा किंचित फिका दिसत होता.
घासून, रंग मारून लपवतो, म्हटलं.
त्यानं हातमोजा काढला.
अंगठा त्या रेघेवरून खाली नेला,
बुजलेल्या भोकापर्यंत, तिथे थोडा वेळ ठेवला.
"राहू दे."
पैसे मोजले, आणि वर एक धुरी दिलेला ट्राउट,
परवाच्या वर्तमानपत्रात.

इराला फोटो पाठवला.
उलट विचारते, "ह्यात जिराफ कुठे आलाय?"
मी बोटांनी फोटो मोठा करून बघतोय.
बरणीत उरलेल्या खळीचा दगड झालाय,
ब्रश तिच्यात उभाच्या उभा.