काका सोलापूरला गेलेत

अन्ना गेला तेव्हा मालिकेचे चौदा भाग
मुंबईत तयार होऊन पडले होते.
म्हणजे दहावं झालं, पाहुणे गेले, उसनी भांडी परत गेली,
तरी रात्री साडेआठला तो हिरव्या सोफ्याशी यायचा,
"मी काही थांबत नाही हं," म्हणायचा
आणि भाग संपेपर्यंत उठायचा नाही.

आम्ही विडी घरकुलात, मांडीवर सुपं.
पान ओलं, तंबाखू कोरडी,
हात आपले आपण वळतात, डोळे मोकळे.
आई म्हणाली, चूडु, लबाड कुठला,
मेलो म्हणून सांगतो आणि चहा पितोय.
तिला कुणी खोटं पाडलं नाही.

पंधराव्या भागात सोफा रिकामा.
सूनबाई झालेली ती पोरगी आतून आली,
टेबलावरची त्याची छत्री उचलून खुंटीला लावली, म्हणाली,
"दत्तूकाका सोलापूरला गेलेत. बहिणीकडे. हवापालटाला."
आणि ते लोक हसले,
दिसत नाहीत पण दर वाक्याला हसतात ते.
हवापालट! सोलापूरला! एप्रिलात!
आम्ही पण हसलो की.
बाहेर त्रेचाळीस, पंखा भट्टीचं वारं घालत होता.
अर्धी विडी वळून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं,
बहीण म्हणजे मी.

लिहिणाऱ्या पोराचा फोन आला.
मावशी, मारावंसं वाटेना हो.
साडेआठला लोकांना हसायचं असतं.
म्हटलं, बरं केलंस. पण आधी सांगायचं होतंस,
घर तरी झाडून ठेवलं असतं.

मग दर गुरुवारी काकांचा फोन.
सूनबाई रिसीव्हर कानाला लावते, हो हो म्हणते,
मध्ये थांबते.
बरोब्बर अन्नाला एक वाक्य बोलायला लागायचं
तेवढीच थांबते.
त्या थांबण्यात मी एकदा
सुपातली कात्री खाली पाडली.

आणि आणखी एक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
काम मिळत नव्हतं त्या काळात अन्ना
एका बंद खोलीत दिवसभर बसून नुसतं हसून आला होता.
पंच्याहत्तर रुपये आणि दोन वेळचा चहा.
तेच हसू अजून वापरतात.
सगळे हसून झाले की उशिरा सुरू होतं त्याचं,
आणि शेवटी अडकतं,
नानांच्या मागाचा पट्टा घसरावा तसं.
"काका सोलापूरला गेलेत," म्हटल्यावर
मी ऐकलं. तोच होता.
स्वतःच्या नसण्यावर, जरा उशिरा.

गड्ड्याच्या यात्रेला आलेली माणसं पत्ता काढत आली.
अक्कलकोटचा एक पोरगा, हातात भिरभिरं,
"दत्तूकाका आहेत का?"
आत्ताच गेले बघ, पार्क चौकाकडं.
दुसऱ्याला म्हटलं, झोपलेत.
तिसऱ्याला, दाढीला गेलेत.
बार्शीची एक बाई शेंगाचटणीचा डबा ठेवून गेली,
कमी तिखटाची, काकांना ॲसिडिटी ना.
(ॲसिडिटी अन्नाला नव्हती. ती दत्तूकाकांना होती.
चटणी आम्ही खाल्ली.)
कुणाला काय सांगितलं ते आता लक्षात ठेवावं लागतं,
म्हणून कारखान्याच्या कार्डामागं लिहून ठेवते,
हजार विड्यांच्या हिशेबामागं:
झोप. दाढी. पार्क चौक. झोप.

काल पोराचा परत फोन.
मावशी, तुमच्या कानावर घालतो,
पुढच्या महिन्यात काका परत येतायत.
दुसरे एक आहेत. चांगले आहेत.
मिशी तशीच लावणार.

मी म्हटलं, येऊ दे की. सोफा किती दिवस रिकामा ठेवशील.
मग म्हटलं,
आणि इथं आहेत त्यांना कुठं पाठवू?

तो काही बोलला नाही.
आई बघत होती,
म्हणून मी रिसीव्हर कानाला तसाच धरून
मध्ये मध्ये
हो हो
म्हणत राहिले.