मागची खोली

शहापुरात, खडेबाजारच्या तोंडाला आमचं दुकान.
तीन पिढ्या पोवळी विकली.
मंगळ कडक निघाला की माणूस येतो,
आम्ही गुंजांवर तोलतो, भिंगाखाली धरतो,
खोटं नाही म्हणून दुधात टाकून दाखवतो.
हे मुळात कुणाचं हाड, ते कधी कुणी विचारलं नाही.

हेमांगीनं विचारलं.
आठ वर्षांची असताना माझं भिंग पळवून
विहिरीच्या कठड्यावर पालथी पडून राहायची.
'पप्पा, ह्या दगडाला केस आलेत.'

आता ती मालवणात, समुद्राकाठच्या एका शेडमध्ये.
चौदा टाक्या, त्यांत प्रवाळाचे तुकडे,
आणि प्रवाळाच्या अंगात राहणारं शेवाळ
ज्याला माझं भिंग पुरत नाही.
तिथली पोरं हसतात म्हणे,
एवढी डॉक्टर झालेली बाई 'मी येतो, मी जातो' म्हणते.
तिनं बदललं नाही.

रात्री फोन करते. मला कळेल असं सांगते.
'प्रवाळाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, पप्पा.
रंग भाडेकरूचा.
तो उन्हाची साखर करतो, मालक बसून खातो.
दहातले नऊ घास त्याचे.'
आणि मालक काय देतो?
'आसरा. आणि स्वतःची घाण. तेच त्याला खत.'
मी हसलो. म्हटलं, बरा व्यवहार आहे.

मग पाणी तापतं.
अंशभर, दीड अंश. आपल्या हाताला कळणारही नाही.
महिनाभर तसंच राहिलं
की शेवाळ निघून जातं,
आणि मागं राहतं ते पांढरं.
मेलेलं नाही. उपाशी.
'मालक हाकलतो,' मी विचारलं, 'की भाडेकरू निघतो?'
बराच वेळ टाक्यांच्या पंपांचाच आवाज.
'तेच तर शोधतो मी.'

फोन ठेवला आणि मागच्या खोलीचं कुलूप दिसलं.

इराप्पा हुक्केरी. दोन माग, एकतीस वर्षं.
पहाटे पाचला खट् खट् सुरू व्हायचं
त्यावर आमचा चहा उकळायचा.
त्यांच्याकडची रोट्टी आणि शेंगाचटणी इकडे,
आमची सोलकढी तिकडे,
पातेलं कुणाचं हे शेवटी कुणालाच सांगता येईना.
हेमांगी आकडे शिकली ती मागाच्या ठोक्यावर,
ओंदु, एरडु, मूरु,
शाळेत एक-दोन-तीन नंतर आलं.

सूत महागलं, साड्या पडून राहिल्या.
त्याच वर्षी मी भाडं दोनशेनं वाढवलं होतं.
दोनशे काही फार नव्हते.
तो म्हणाला, पोरगा हुबळीला बोलावतोय.
मी म्हणालो, बरं.
माग उचलताना दाराची चौकट थोडी तुटली, ती तशीच आहे.
त्या खोलीचं वीजबिल अजून त्याच्या नावावर येतं,
कानडीत. युनिट शून्य.
मी दर महिन्याला भरतो. नाव बदलायला जात नाही.

काल एक गिऱ्हाईक आलं, येळ्ळूरचं.
मुलीचं लग्न ठरत नाही म्हणून पोवळं पाहिजे.
लाल बघून विचारतो, खरं ना?
खरंच आहे. हेमांगीनं सांगितलंय,
हे लाल जातीचं खोल अंधारात वाढतं,
ह्याच्यात शेवाळ राहत नाही,
वाहत येईल ते खातं,
आणि रंग ह्याचा ह्यालाच.
एवढं सगळं त्याला कशाला सांगायचं?
साडेपाच गुंजा भरलं. पुडी बांधून दिली.

आज फोन उशिरा आला, साडेअकराला.
पाणी उतरवून वीस दिवस झालेत.
नऊ नंबरच्या टाकीत, एका तुकड्याच्या कडेला
मोहरीएवढं तपकिरी दिसतंय.
परत आलं? मी जरा जोरातच विचारलं,
आतून बायको जागी झाली.
'सांगता येत नाही, पप्पा.
जुनंच, आत कुठंतरी थोडं उरलं होतं ते,
की नवीन कुणी.'