लोण्याच्या वहीत

मी कोठीचा हिशेबनीस. बखर लिहिणारा नव्हे.
लोणी किती पिंपं, मीठ किती पोती,
कुणाची गाय या मोसमात आटली,
माझ्या पिसाच्या लेखणीला एवढंच ठाऊक.

मग बिशपचा माणूस आला.
घोड्यावरून उतरलाही नाही. यादी वाचली:
आल्डवेर्ड, बावीस घरं,
तीन वर्षांचा दशमांश थकलेला.

मी म्हणालो, आल्डवेर्ड नाही.
म्हणजे?
नाही म्हणजे नाही. संत मार्टिनच्या सणानंतर
एका रात्री समुद्र बांध ओलांडून आला
आणि जाताना गाव घेऊन गेला.
तो हसला नाही, चिडलाही नाही.
म्हणाला, "कुठं लिहिलंय?"

साक्षीला म्हातारा रिकलेफ उभा राहिला. तो म्हणे, तीन वर्षं झाली.
त्याची बहीण टेट्टा म्हणे, चार;
तिची तांबडी गाय तेव्हा गाभण होती.
वोब्बे ईलमाशाची टोपली खाली न ठेवताच म्हणाला,
वारं मात्र वायव्येचं होतं.
आणि मलाच, देवा, मलाच वाटून गेलं:
घरं बावीस होती की एकवीस?

दशमांश भरला. आमच्याच कोठीतून,
अठरा पिंपं.

त्या रात्री झोप नाही.
चामड्याचं पान महाग, मठाधिपतींना कोण विचारणार!
लोण्याच्या वहीत, जमेच्या खाली
चार बोटं जागा कोरी होती. तिथं लिहिलं:
पाणी आलं. वायव्येकडून.
हायो, त्याची बायको फ्राउवा, तीन पोरं.
थोरला एप्पे, धाकटी इम्मा,
मधल्याचं नाव आठवेना.

तेव्हापासून लोक येतात.
कुणी गारांचं सांगतं, कुणी बैलाचं,
एकीनं नवऱ्याची शिवी लिहून घ्यायला सांगितली;
लिहिली, थोडी सौम्य करून.

परवा टेट्टा आली. दारातच थांबली,
पायांना चिखल होता म्हणून.
"तो मधला. पोप्पे. डावखुरा होता.
माझ्या कुंपणावर दगड मारायचा."

मी सुरी घेतली,
"आठवेना" खरवडायला टेकवली,
आणि राहू दिलं.
आठवलं नव्हतं, तेही घडलेलंच.
पोप्पे बाजूला लिहिला, समासात,
तुपकट डाग चुकवून,
जरा वाकडा.