दोन थाऊ

उघड्या तारा सगळ्या सुरात,
आणि पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की एफ चढा.
आठवडाभर मला वाटत होतं, बोटच वाईट आहे माझं.

उद्यमनगरात मी नट मागितला.
काउंटरवरचा म्हणाला, दहाचा की बाराचा? आटे कुठले?
मागं बसलेला म्हातारा बशी खाली ठेवत म्हणाला,
नट पायजे तर पन्नास वर्षं उशीर झाला बाई,
तवा स्टुडिओच्या दारात रोजंदारीवर उभे असायचे.
सगळे हसले. मीही.
मला हवा होता तो
मानेच्या टोकाला असतो, जिथून तार बोलायला लागते.
सतारवाले तारगहन म्हणतात,
ऐकायला काहीतरी गहाण ठेवल्यासारखं.

जुना प्लॅस्टिकचा, आतून पोकळ,
लाकडी ठोकळ्याच्या एका ठोक्यात निघाला,
दुधाचा दात पडावा तसा.

रविवारच्या मटणातली नळी मी उकळून, वाळवून ठेवली होती.
पप्पांनी व्हर्निअर लावला. भिंत पातळ हाय.
मग पापाच्या तिकटीजवळ मुनीरभाई जवारी काढतात,
त्यांनी डब्यातून दिला उंटाच्या हाडाचा तुकडा,
पैसे घेतले नाहीत. म्हणाले,
कापताना तोंड बांध, वास येतो.
आला. जळक्या केसांचा, घरभर, दोन दिवस.

पप्पा एकतीस वर्षं ग्राइंडिंगवर.
कान तिथंच राहिले.
सूर त्यांना कळत नाही, आता माझी हाकही नाही,
पण थाऊ कळतो. इंचाचा हजारावा भाग
नखाच्या कडेनं सांगतात.

काचेवर पॉलिश पेपर, त्यावर हाड घासलं.
गुजरीतून आणलेल्या बारीक कानशीनं सहा खाचा,
उतार खुंट्यांकडं,
पाणी वाहील असा, पप्पा बोटानं दाखवत होते.
तार तिसऱ्या पडद्यावर दाब. पहिल्यावर बघ.
फट हवी, असून नसल्यासारखी.
फीलर गेजची पानं त्यांनी पत्त्यांसारखी पसरली.
अजून दोन थाऊ.
मी चार काढले.

जाड तार खरखरली,
पत्र्यावर खडा फिरवावा तशी.
मी काही बोलले नाही. त्यांनी हाडाचीच भुकटी
टेबलावरून बोटानं गोळा केली,
खाचेत भरली, वर फेविक्विकचा एक थेंब.
चा पी. सुकू दे.
कास्टिंगमधलं भोक असंच बुजवायचे म्हणे,
साहेब जेवायला गेल्यावर.

रात्री एफ धरला.
पप्पांनी हनुवटी गिटारीच्या अंगावर टेकवलेली,
डोळे मोबाईलवरच्या काट्याकडं.
काटा मधोमध, हिरवा.
बसला! ते म्हणाले,
गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
कुठंतरी कुत्रं भुंकलं.

आता वाजीव की काय तरी.
आणि मला एकही गाणं आठवेना.
आठ दिवस मी नुसता एफ ऐकत होते.
तोच परत धरला.
त्यांनी हनुवटी हलवली नाही.