सड्यावरचा ट्रॅक

पहिल्या वर्षी बावतीसनं फक्की मारली
तेव्हा देवगडचा सडा मोकळा होता.
तळीपासून थेट कड्यापर्यंत,
समोर दर्या,
ब्रेक कधी मारायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

मग चिरेखाणीनं सरळ पट्टा गिळला.
कलमांच्या गडग्यानं एक वळण आत ढकललं.
इस्माईल गेला त्या साली
कड्याकडची बाजूच सोडली,
टायर रचले, पांढरे रंगवून.

आता फेरी सव्वा मिनिटाची.
पोरं मोबाईलवर वेळ लावतात.
बावतीस रेसच्या आदल्या संध्याकाळी
जुनीच फेरी चालतो, गडगा ओलांडून,
खाणीतल्या हिरव्या पाण्याशी थांबतो.

"हयसर," म्हणतो, "खाली,
येझदीक चवथो पडायचो."